'हे खरे नाही' म्हणजे खोटं? – 'एक करदाता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'एक करदाता' यांस,

विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांच्या याद्या (आमदारांचे प्रश्न आणि मंत्र्यांची छापील उत्तरं) कशा वाचाव्यात, या माझ्या लेखाखाली तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया लिहिलीत. इतर वाचकांना ती शोधत बसावं लागू नये म्हणून तिचं सार आधी देतो. एक, 'हे खरे नाही' आणि 'प्रश्न उद्भवत नाही' या उत्तरांना मी पद्धत म्हणतो, पण साध्या मराठीत त्याला खोटं बोलणं म्हणतात. दोन, या याद्या सामान्य माणसाला शोधताच येत नाहीत. तीन, माहितीचा अधिकार हातात असताना आमदाराच्या पाया का पडायचं? चार, ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंवरच्या २०२१ मधल्या संसदेतल्या उत्तरावर आणि २०२० मध्ये संसदेत रद्द झालेल्या प्रश्नोत्तराच्या तासावर मी सोयीस्कर गप्प आहे. आणि पाच: "काका, पेन्शन चालू आहे तोवर बाबूंना सरकार गोडच लागणार. पोस्ट काढून टाका."

पाचव्यापासून सुरू करतो, कारण तुम्हीही मनातून तिथूनच सुरू केलं आहे. माझं तुमचं नातं नाही, तेव्हा 'काका' नको. 'बाबू' म्हणालात त्याचं मात्र वाईट वाटत नाही. उमेदीची सगळी वर्षं मंत्रालयातल्या कार्यासनावर, म्हणजे जिथे अशा उत्तरांचे मसुदे होतात त्या टेबलावर गेली, अधिवेशनं मुंबईचीही केली आणि नागपूरचीही. तुम्ही ज्याला खोटं म्हणता ते मसुदे माझ्या हाताखालून गेले आहेत, काही माझ्याच अक्षरातले आहेत. त्यामुळे ते कसे तयार होतात, हे निदान मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. तुम्ही एखादी यादी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आहे का, हे तुमच्या प्रतिक्रियेवरून कळत नाही. म्हणजे, कळतं.

आता पहिला मुद्दा. याद्यांमध्ये शेकड्यांनी सापडतो तसा एक नमुना घेऊ. तालुक्याचं नाव मुद्दाम घालत नाही.

"(१) अमुक तालुक्यातील अनेक गावांमध्ये जल जीवन मिशन योजनेची कामे निकृष्ट दर्जाची झाल्याने ग्रामस्थांना पाणी मिळत नसल्याचे माहे मे मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर कामांवर कोट्यवधी रुपये खर्च होऊनही नागरिकांना टँकरवर अवलंबून राहावे लागत आहे, हे खरे आहे काय, (३) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व तद्नुसार दोषींवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

वाचायला कसा दमदार वाटतो! आणि उत्तर येतं: (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. तुम्ही चिडता. गावातली बाई हंडा घेऊन रांगेत उभी आहे आणि मंत्री म्हणतात खरं नाही!

पण पहिला भाग पुन्हा वाचा. 'पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय' असं त्यात विचारलेलंच नाही. 'कामे निकृष्ट झाल्याने पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय' असं विचारलं आहे. तक्रार आणि तिचं कारण एकाच वाक्यात बांधलं आहे. कार्यासनावरचा माणूस काय करतो? त्रयस्थ तपासणीचा अहवाल काढतो. त्यात पाइपचा दर्जा आणि जोडकाम समाधानकारक म्हटलेलं असतं. मग पाणी का येत नाही? कारण मे महिन्यात उद्भवाची, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर आटली, किंवा पंपाची वीजजोडणी रखडली, किंवा जलकुंभ अर्धाच बांधून झाला आणि गावात नळ मात्र आधीच बसले. यातलं काहीही असलं तरी 'निकृष्ट कामामुळे' हे विधान टिकत नाही. शिवाय 'अनेक गावे' म्हणजे कोणती? नाव नाही, तर तपासणार काय? म्हणून 'हे खरे नाही'. आणि पुढचे भाग 'असल्यास'ने त्या एकाच खुंटीवर टांगलेले. खुंटी निघाली की सगळं खाली. यात टँकरचा भाग तर शंभर टक्के खरा असू शकतो, टँकरची मंजुरी तहसील कचेरीत नोंदलेली असते. पण तो 'असल्यास'च्या मागे लावल्यामुळे त्याचंही उत्तर द्यावं लागलं नाही.

तुम्ही म्हणाल, ही पळवाट आहे. असेलही. पण दार उघडं कोणी ठेवलं, ते आधी बघा. हेच विचारायचं तर असं विचारता येतं: अमुक गावच्या नळपाणी योजनेचा कार्यारंभ आदेश कोणत्या दिनांकाचा, काम पूर्ण करण्याची मूळ मुदत कोणती, मुदतवाढ किती वेळा व कोणत्या कारणाने दिली, दंड आकारला काय? उद्भव कोणता आणि त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखला कोणत्या दिनांकाचा? जलकुंभाची पाणी भरून गळती चाचणी झाली काय? माहे मे मध्ये दरडोई किती लिटर पाणी दिले? योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाली काय? यात एकही 'असल्यास' नाही. प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा आहे आणि प्रत्येकाला दिनांक किंवा आकडा लागतो. इथे 'हे खरे नाही' लिहायला जागाच नाही.

लिटरचा आकडा मी उगीच घातलेला नाही. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं तेव्हापासून त्याचं माप दरडोई दररोज ५५ लिटर आहे, तेही ठरलेल्या गुणवत्तेचं आणि नियमित. पण आमदार विचारतात 'नळजोडणी'बद्दल आणि उत्तरात येते नळजोडण्यांची टक्केवारी. तोटी बसली की जोडणी मोजली जाते. त्या तोटीतून मे महिन्यात काय आलं, हे त्या टक्केवारीत नाही. उत्तर खरं, आकडा खरा, नळ कोरडा. हे लेखात लिहिलं होतं. तुमच्या नजरेतून निसटलं असावं.

आता तुम्ही विचारला नाहीत तो प्रश्न मीच सांगतो, कारण खरी मेख तिथे आहे. प्रश्न विधानमंडळ सचिवालयाकडून विभागात येतो. मंत्रालयात सगळे त्याला 'एलएक्यू' (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन) म्हणतात. तिथून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे, मग कार्यकारी अभियंता, उपअभियंता आणि शेवटी शाखा अभियंता. खाली जाताना प्रत्येक पायरीवर 'तात्काळ', 'अत्यंत तातडीचे', 'विधानसभा प्रश्न' असे शेरे चढत जातात आणि दिवस घटत जातात. शेवटच्या माणसाच्या हातात बऱ्याचदा एक दुपार उरते. आणि ज्याने त्या कामावर देखरेख केली, मोजमाप पुस्तिकेत ज्याची सही आहे, तोच 'वस्तुस्थिती' लिहितो. तो काय लिहिणार? मग तेच वाक्य थोडी भाषा सुधारत वर सरकतं: कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव, सचिव, मंत्री. वरच्या कोणालाही ते गाव माहीत नसतं. खोटं कुठे शिरायचंच असेल तर ते इथे शिरतं, मंत्र्याच्या तोंडात नाही. तुम्ही दगड मंत्रालयावर मारता आणि ज्याला लागायला हवा तो तालुक्याला निवांत बसलेला असतो.

आणखी एक. छापील उत्तर चार ओळींचं असलं तरी मंत्र्यांसाठी त्यासोबत पूरक टिप्पणी जाते. ती कधी पाच पानांची, कधी पंधरा. कामाचे टप्पे, ठेकेदाराला दिलेल्या नोटिसा, त्या विषयावरचे जुने प्रश्न, वर्तमानपत्राचं कात्रण, सगळं तिच्यात. उत्तरात नाही ते टिप्पणीत असतं, कारण उपप्रश्न आला तर मंत्री सभागृहात अडकू नयेत. म्हणून जाणता आमदार छापील उत्तरावर आरडाओरडा करत नाही. तो उठून एकच विचारतो: "या योजनेला मुदतवाढ किती वेळा दिली?" मंत्री पानं उलटतात, अधिकारी दीर्घेतून, म्हणजे अधिकारी बसतात तिथून चिठ्ठी येते, आणि पाचापैकी एखाद्या वेळी अध्यक्ष प्रश्न राखून ठेवायला, म्हणजे नंतर पूर्ण उत्तरासह पुन्हा घ्यायला सांगतात. तो राखून ठेवलेला प्रश्न विभागाला दहा मोर्च्यांपेक्षा जड जातो. अडचण अशी की यादीत खाली असलेले प्रश्न तास संपेपर्यंत पुकारलेच जात नाहीत, मग छापील चार ओळी हाच शेवट. लोकसभेतही एका दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) प्रश्न लागतात, त्यातले तोंडी उत्तरापर्यंत पोचतात ते थोडेच. बाकीचे लेखी.

'अंशतः खरे' बद्दल तुम्ही एक वाक्य खर्च केलं आहे ("म्हणजे अर्धं खोटं"), म्हणून मीही फार करत नाही. शेतकरी आत्महत्यांवरच्या प्रश्नांची उत्तरं काढून पाहा. आमदार एकूण आकडा देतात. उत्तरात तो पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित असा फोडून येतो, कारण एक लाखाची मदत (३० हजार हातात, ७० हजार ठेवीत) पात्र ठरलेल्यांनाच मिळते. पात्रतेसाठी नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा ही कारणं लागतात. माणूस गेला यावर वाद नसतो. वाद रकान्याचा असतो. 'अपात्र' का ठरवलं, ते प्रकरणनिहाय विचारा. ते क्वचितच कोणी विचारतं.

ऑक्सिजनवर मी गप्प होतो, कारण लेख विधानसभेवर होता. पण तुम्ही काढलंच आहे तर घ्या. २० जुलै २०२१ चं राज्यसभेतलं उत्तर: आरोग्य हा राज्याचा विषय, राज्यं रुग्ण आणि मृत्यू नियमितपणे कळवतात, आणि ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे झालेले मृत्यू राज्यांनी विशेषत्वाने नोंदवलेले नाहीत. देशाने हे 'एकही मेला नाही' असं ऐकलं. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण दगावले. तेव्हा चीड समजू शकतो. पण उत्तरातला खिळा 'नोंदवलेले' या शब्दात आहे. विचारायचं होतं ते हे: केंद्राने राज्यांना ही नोंद करायला कधी सांगितलं? कोणत्या तक्त्यात? ओरड झाल्यावर केंद्राने राज्यांकडून माहिती मागवलीच, म्हणजे आधी ती मागितली नव्हती हे उघड झालं. हे उत्तर मला पसंत नाही. मसुदा म्हणून ते पक्कं होतं, एवढंच म्हणतो.

तुमचा दुसरा मुद्दा मान्य. अगदी मोकळ्या मनाने मान्य. विधानमंडळाच्या याद्या पीडीएफमध्ये, जुन्या तर नुसत्या स्कॅन केलेल्या, त्यामुळे शब्द टाकून शोध लागत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्य, मंत्रालय, विषय अशा तिन्ही बाजूंनी शोधता येतं, आपल्याकडे तशी सोय हवी. बघा, योग्य बोललात तर मी मान्य करतो.

माहितीचा अधिकार जरूर वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्जाला एक विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, तीस दिवस. पण त्यात अस्तित्वात असलेला कागद मिळतो. 'विलंबाची कारणे काय' असं विचारलंत तर माहिती अधिकारी 'कारणमीमांसा ही माहिती नाही' म्हणून हात झटकतो, आणि कायद्याने त्याला ते चालतं. सभागृहात कारण द्यावं लागतं. दोन्ही एकत्र वापरले तर मजा आहे: उत्तर छापून आलं की त्याच नस्तीची (फाइलची) पाहणी मागा, पूरक टिप्पणी आणि शाखा अभियंत्याच्या मूळ अहवालासकट. छापील ओळ आणि मूळ अहवाल यांत तफावत निघाली तर तो कागद आमदाराला द्या. चुकीची माहिती दिल्याबद्दल हक्कभंगाची सूचना त्याच्या जोरावर होते. लोकसभेत मंत्र्याच्या विधानातली चूक दाखवून द्यायला अध्यक्षांचा निर्देश ११५ आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाचं कारण देऊन संसदेतला प्रश्नोत्तराचा तास गेला, ते वाईट झालं. पण अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचे प्रश्न चालू होते. टाळेबंदीत मृत्यू पावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी ठेवलेली नाही, हे सरकारने त्याच लेखी उत्तरांत सांगितलं, आणि त्यावरून किती गदारोळ झाला ते तुम्हीही पाहिलं असेल. २००५ ला पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्या ११ खासदारांची हकालपट्टी झाली, हेही खरं. त्याचा माझ्या लेखाशी काय संबंध, ते तुम्हालाच माहीत.

आश्वासनांबद्दल मी 'कोरडं' लिहिलं म्हणता. विषय कोरडाच आहे, पण तुमच्या कामाचा आहे. मंत्री 'तपासून घेऊ', 'माहिती घेऊन पटलावर ठेवू' म्हणाले की ते आश्वासन ठरतं. लोकसभेत ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि १९५३ पासून त्यासाठी समिती आहे. आपल्याकडेही आश्वासन समिती आहे. तुमच्या आमदाराच्या स्वीय सहायकाला एवढंच विचारा की गेल्या अधिवेशनात साहेबांना मिळालेली आश्वासनं कुठे लिहून ठेवली आहेत. बहुतेक ठिकाणी वही नसते. ती तुम्ही करून द्या, चिडण्यापेक्षा उपयोगाचं होईल.

पोस्ट काढणार नाही. तुमची प्रतिक्रियाही काढलेली नाही, शब्दसुद्धा बदललेला नाही. पुढचा लेख कपात सूचनांवर, म्हणजे अर्थसंकल्पातल्या मागणीची रक्कम कमी करा असं सुचवणाऱ्या आमदारांच्या सूचनांवर आहे. त्यावरही भांडायला या, फक्त आधी तो पूर्ण वाचून या.