चासी नंबर सलग असतील तरच

एखाद्या मॉडेलच्या एकूण किती गाड्या बनल्या, हे चासी नंबरवरून (कारखान्यात गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकावरून) काढण्याबद्दलचा तुमचा लेख वाचला. "सर्वांत मोठा चासी नंबर म्हणजेच एकूण गाड्या" हे त्यातलं गणित मला पटलं नाही. सापडलेल्या गाड्यांपेक्षा मोठ्या नंबराच्याही गाड्या असू शकतात. पाच गाड्या सापडल्या आणि त्यांत सर्वांत मोठा नंबर ६० असेल, तर ६० + ६०/५ − १, म्हणजे ७१ धरायच्या. दुसऱ्या महायुद्धात याच रीतीने, हाती लागलेल्या रणगाड्यांवरच्या नंबरांवरून, ऑगस्ट १९४२ चं जर्मन रणगाड्यांचं उत्पादन ३२७ काढलं होतं. युद्धानंतर कागदपत्रांत ३४२ निघालं! हेरखात्याचा अंदाज होता १५५०.

पण नंबर सलग हवेत. फेरारी २५० जीटीओ ही जुनी शर्यतीची गाडी घ्या. नंबर ३२२३ पासून ५५७५ पर्यंत, सगळे विषम, मधले बरेचसे दुसऱ्या मॉडेलांना दिलेले. गाड्या बनल्या फक्त ३६. अशा वेळी सूत्र विसरून एकेक चासी शोधत यादीच करावी लागते. लेखात एवढं जोडाच, ही विनंती.