हान्स क्युंग यांना चर्चने बाहेर काढलं नव्हतं

"पोपच्या अधिकाराला आव्हान दिलं म्हणून हान्स क्युंग यांना व्हॅटिकनने बहिष्कृत केलं, पुरोहितपद काढून घेतलं, विद्यापीठातून हाकललं. हे सगळं त्यांचे जुने मित्र रात्झिंगर यांनी घडवून आणलं. अखेर 2005 मध्ये क्युंग शरण गेले." स्वित्झर्लंडचे कॅथलिक धर्मगुरू आणि ईशज्ञानाचे (देव आणि श्रद्धा यांच्या शास्त्राचे) अभ्यासक हान्स क्युंग यांच्याबद्दल अशा आशयाचा मजकूर सतत फिरत असतो. त्यातले रात्झिंगर म्हणजे नंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट. पाठवणाऱ्यांच्या मनात क्युंग यांच्याबद्दल आदरच असतो, हे मला मान्य आहे. तरीही हा मजकूर खोडायला हवा, कारण त्यात त्यांचा खरा लढाच हरवतो.

बहिष्कार झालाच नाही. 18 डिसेंबर 1979 रोजी रोमने जाहीर केलं ते असं: क्युंग यांना यापुढे कॅथलिक ईशज्ञानाचे अभ्यासक मानता येणार नाही आणि त्या नात्याने शिकवताही येणार नाही. म्हणजे चर्चने दिलेला शिकवण्याचा परवाना गेला. 1954 मध्ये मिळालेली गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपद, कायम राहिलं आणि मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करण्याची मुभा राहिली. 6 एप्रिल 2021 रोजी 93 व्या वर्षी ते वारले, तेही कॅथलिक धर्मगुरू म्हणूनच. खरा बहिष्कार श्रीलंकेच्या फादर तिस्सा बालसूर्य यांच्या वाट्याला आला होता. जानेवारी 1997 मध्ये तो लादला गेला आणि वर्षभराने उठवला गेला.

विद्यापीठाचं म्हणाल, तर क्युंग शिकवत ते जर्मनीतलं ट्युबिंगेन हे सरकारी विद्यापीठ. प्राध्यापकाची नोकरी काढून घेणं रोमच्या हातात नव्हतं. क्युंग यांना कॅथलिक विद्याशाखा सोडावी लागली, पण त्यांची ख्रिस्ती ऐक्यविषयक संशोधन संस्था त्या शाखेपासून वेगळी करण्यात आली आणि 1996 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले.

रात्झिंगर यांच्यावरचा आरोप अर्धवट आहे. 1966 मध्ये त्यांना ट्युबिंगेनला आणण्यात क्युंग यांचाच पुढाकार होता, हे खरं. पण 1979 मध्ये रात्झिंगर म्युनिकचे आर्चबिशप होते. शिकवणीवर देखरेख ठेवणाऱ्या व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांताच्या मंडळाचे प्रमुख तेव्हा कार्डिनल शेपर होते. रात्झिंगर त्या जागी आले 1981 मध्ये. जर्मन बिशपांपैकी एक म्हणून त्यांनी कारवाईची बाजू घेतली, एवढं त्यांच्या पदरात नक्की टाकता येतं.

आता मुख्य मुद्दा. क्युंग यांनी पोपपद नाकारलं होतं का? अजिबात नाही. सेवाभावाने चालवलेलं पोपपद कसं असावं, हे सांगताना ते तेविसाव्या जॉन यांचं उदाहरण देत, आणि त्याच पोपनी त्यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे (1962 ते 1965 मधल्या जगभरच्या बिशपांच्या सभेचे) तज्ज्ञ सल्लागार नेमलं होतं. वादाला तोंड फुटलं ते संततिनियमनावरून. पोप सहाव्या पॉल यांच्यापुढे या प्रश्नावर नेमलेल्या आयोगाचा अहवाल होता आणि बहुसंख्य सदस्यांचा कौल नियम सैल करण्याकडे होता. तरी 1968 मध्ये पोपनी कृत्रिम साधनांवरची बंदी कायम ठेवली. आधीच्या पोपांनी इतकी वर्षं दिलेली शिकवण चुकीची कशी असेल, हा अल्पमताचा युक्तिवाद वरचढ ठरला, असं क्युंग यांचं निदान होतं. म्हणून ते मुळाशी गेले. पोपच्या अचूकतेचा सिद्धांत, म्हणजे श्रद्धा आणि नीतीबाबत पोपने अधिकृतपणे ठरवून दिलेली शिकवण चुकूच शकत नाही हा सिद्धांत, 18 जुलै 1870 रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेत, बाहेर वादळ गरजत असताना, 533 विरुद्ध 2 मतांनी संमत झाला होता. विरोधातले कितीतरी बिशप मतदानाआधीच रोम सोडून गेले होते. त्याच्या शताब्दीच्या वर्षी, 1970 मध्ये, क्युंग यांनी पुस्तक लिहून विचारलं: एखादं विधान कधीच चुकणार नाही, अशी हमी आधीच देता येते का? त्यांचं उत्तर होतं की चुका होऊनही ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, सत्यात टिकून राहते, आणि तेवढं पुरेसं आहे. हे श्रद्धा सोडलेल्या माणसाचं बोलणं नव्हे.

मजकुरात ज्याचा उल्लेखही नसतो, तो अन्याय मला सर्वांत मोठा वाटतो. रोमने चौकशीसाठी बोलावलं तेव्हा क्युंग यांनी आधी स्वतःवरची फाइल पाहायला मागितली आणि आपला बचाव करणारा स्वतः निवडू द्या म्हणाले. साध्या कोर्टात कुठल्याही आरोपीला हे मिळतं. त्यांना ते मिळालं नाही.

आणि शरणागती? सप्टेंबर 2005 मध्ये पोप झालेल्या रात्झिंगर यांना ते रोमजवळच्या कास्तेल गांदोल्फो या पोपच्या उन्हाळी निवासस्थानी भेटले, गप्पा चार तास चालल्या. सिद्धांतांचे वाद बाजूला ठेवायचे, हे दोघांनी मान्य केलं होतं. विषय होते विज्ञान आणि श्रद्धा, आणि सर्व धर्मांना मान्य होईल अशी जागतिक नीती. माफी कोणी मागितली नाही, परवानाही परत मिळाला नाही. 2016 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी, क्युंग यांनी पोप फ्रान्सिस यांना जाहीर विनंती केली: अचूकतेच्या प्रश्नावर मोकळी चर्चा होऊ द्या.