आपल्या मतदारसंघांच्या सीमा निवडणूक आयोगाने आखलेल्या नाहीत

गेल्या आठवड्यापासून आमच्याकडच्या प्रत्येक गटात एक मेसेज फिरतोय: ‘सीमा निवडणूक आयोग आखतो, तोही नेत्यांच्या सोयीने. म्हणून लातूर राखीव झालं, लोहा लातूरला जोडलं. सामान्य माणसाला कुणी विचारत नाही.’ मी लोह्याचा. आमचा कलेक्टर नांदेडला, खासदार लातूरचा. हा त्रास मी रोज बघतो, तरी हा मेसेज चुकीचा आहे.

सीमा आखल्या त्या परिसीमन आयोगाने. २००२ च्या कायद्याने नेमलेला हा वेगळा आयोग. अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग, निवडणूक आयोगाचा त्यात एकच सदस्य, शिवाय राज्य निवडणूक आयुक्त. २००१ च्या जनगणनेवर त्यांनी रचना केली, ती २००८ मध्ये लागू झाली.

नेत्यांची सोय म्हणाल तर राज्यातले पाच खासदार, पाच आमदार सोबत बसायचे, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. गोपीनाथ मुंडे ज्या रेणापुरातून वर्षानुवर्षे निवडून आले, तो मतदारसंघच या रचनेत गेला. लातूर राखीव झालं, तेव्हाच उस्मानाबाद खुलं झालं. अनुसूचित जातींचं प्रमाण जिथे तुलनेने जास्त असेल तिथे, पण राज्यभर विखरून राखीव जागा ठेवाव्यात, असं कायदाच सांगतो.

आणि विचारत नाहीत हे तर साफ खोटं. मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापून हरकती मागवाव्या लागतात, जाहीर सुनावणी घ्यावी लागते. बोलायची वेळ तीच. अंतिम आदेश निघाला की राज्यघटनेच्या कलम ३२९ मुळे न्यायालयाचं दार जवळजवळ बंद होतं. उघड मनमानी असेल तरच तपासता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं.

सरकारचा हात खरंच कुठे पोचतो, ते मात्र मेसेजमध्ये नाही. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने स्थानिक निवडणुकांच्या प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेतला. मला काळजी वाटते ती याची. आपल्या नगरपालिकेचा प्रभाग कुठे तुटतो, यावर गावोगाव बोलायला हवं होतं.

लोकसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. पुढचा मसुदा येईल तेव्हा लोहा-कंधार कुठे जोडावं, याची लेखी हरकत मी देणार आहे. तालुक्यातल्या ज्यांना सोबत यायचंय, त्यांनी कळवावं.