रोमचं ‘एक नाणं’ आणि पेर्गामोनचा सराफ

फॉरवर्ड सगळ्यांकडे आला असेल: रोमने दोन हजार वर्षांपूर्वी ‘एक साम्राज्य, एक नाणं’ करून दाखवलं, एकच डेनारियस (रोमचं चांदीचं नाणं) ब्रिटनपासून इजिप्तपर्यंत आणि पार तमिळ देशातही चाले, आणि जमिनीत सापडणारा प्रत्येक हंडा युद्धाच्या धास्तीने पुरलेला.

सुरुवात इजिप्तपासून. तिथलं चलन रोमन अमलातही जवळपास तीन शतकं बंदिस्त होतं. अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत टेट्राड्राख्म नावाची स्थानिक नाणी पाडली जात. म्हणायला चांदीची, आत तांबंच जास्त. सरकारी हिशेबात एक टेट्राड्राख्म म्हणजे एक डेनारियस, पण इजिप्तबाहेर त्याला कोण विचारणार? तो तिथेच फिरला, तिथेच पुरला गेला. उलट डेनारियस इजिप्तच्या मातीत क्वचितच निघतात. ही बंदिस्त व्यवस्था इ.स. 296च्या सुमारास सम्राट डायोक्लेशियनने मोडली.

आजच्या पश्चिम तुर्कस्तानात तर शहरागणिक तांब्याचा वेगळा खुर्दा: ग्रीक मजकूर, आपापली ग्रामदैवतं. तिथल्याच पेर्गामोन शहराचा दुसऱ्या शतकातला एक शिलालेख वाचण्यासारखा आहे. सराफाकडून डेनारियस घ्यायचा तर 18 असारिया (तांब्याची चिल्लर) मोजा, त्यालाच विकायचा तर 17 मिळतील. मधला एक असारियन वटाव. वजनावर घेतलेल्या मासळीचे पैसे तांब्याच्या खुर्द्यातच द्यायचे, म्हणजे सराफीचं शहराला मिळणारं उत्पन्न बुडत नाही! तरीही सराफ वरून जादा उकळत, म्हणून तर तक्रार झाली. एकच नाणं असतं तर या मंडळींनी खाल्लं काय असतं?

हंड्यांचं म्हणाल तर युद्धाच्या भीतीने पुरलेले काही आहेतच. पण 2010मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ एकाच मडक्यात 52,503 नाणी निघाली. वजन 160 किलोच्या आसपास आणि मडकं इतकं पातळ, की भरून उचललं असतं तर फुटलंच असतं. म्हणजे आधी खड्ड्यात ठेवलं, मग भरलं. पळणारा माणूस एवढा सोपस्कार करत बसेल? देवाला वाहिलेलं धन असावं, हा तज्ज्ञांचा अंदाज मला पटतो.

राहिला तमिळ देश. तिथल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस या सम्राटांचे चांदीचे डेनारियस भरपूर. गंमत अशी, की त्यांतले बरेचसे रोमचेही नाहीत, गॉलमधल्या लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या ल्याँच्या, टांकसाळीचे आहेत. दक्षिण भारतात मिळालेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांपैकी काहींवर तर सम्राटाच्या चेहऱ्यावर आडवा घाव आहे. तो का घातला यावर वाद आहेत. पण घालणाऱ्याला रोमच्या छापाची फारशी पत्रास नव्हती, एवढं दिसतंच.