‘चार वर्षं कोणी न उचललेली आयडिया घ्या, सिलेक्शन पक्कं’ म्हणे!

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज आला. पोरगा सांगलीला थर्ड इयरला आहे, जीसॉकसाठी, म्हणजे गुगल समर ऑफ कोडसाठी प्रपोजल लिहितोय. (गुगल पैसे देतं, नवखी पोरं उन्हाळाभर मेंटरच्या हाताखाली एखाद्या ओपन सोर्स संस्थेचं काम करतात.) "मामा, हे खरंय का?" आणि खाली तोच फॉरवर्ड, जो मला त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला होता. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ओपन सोर्सवाले, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो ते, आपल्या आयडिया लिस्टमधून (पोरांनी करायच्या कामांची यादी) धडाधड आयडिया उडवतायत कारण त्यांना भारतीय पोरांची गर्दी नकोय, उडवतायत त्या मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या आयडिया, ज्यात स्वतःचं डोकं चालवता यायचं, म्हणजे ते कामही आता बुडालं, तेव्हा यादीत जी जुनी आयडिया अजून टिकून आहे आणि वर्षानुवर्षं कोणी घेतली नाहीये ती पकडा, स्पर्धा शून्य, सिलेक्शन पक्कं, आणि तपशील नसला तर एआयकडून वीस पानी प्रपोजल लिहून घ्या. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

मी काही वर्षं एका छोट्या प्रोजेक्टसाठी मेंटर होतो, यादीही मीच सांभाळायचो. त्यामुळे हे वाचून जरा जास्तच सटकली.

भारतीय पोरं नकोत हा मुद्दा आधी निकालात काढतो. जीसॉक 2005 पासून चालू आहे आणि गेली कित्येक वर्षं सगळ्यात जास्त निवड भारतातून होतेय, गुगल दरवर्षी देशवार आकडे स्वतःच टाकतं, जाऊन बघा. 2022 पासून तर विद्यार्थीच हवा ही अटसुद्धा काढली, अठरा पूर्ण असलेला नवखा कोणीही चालतो. दार लावून घेणारे लोक असं करतात का?

मग आयडिया का काढतात? यासाठी कुठलं गुपित फोडायला नको, गुगलची मेंटर गाइड सगळ्यांना उघडी आहे. प्रत्येक आयडियात काय हवं ते तिथे लिहिलंय: दोन ते पाच वाक्यांचं वर्णन, शेवटी हाती काय पडणार, कुठली स्किल्स लागतील, संभाव्य मेंटर कोण, काम 90 तासांचं की 175 की 350, आणि अवघड किती. संस्थेच्या अर्जात सगळ्यात जास्त वजन याच यादीला असतं. आता ‘परफॉर्मन्स सुधारा’ एवढ्या एका ओळीत यातलं काय बसतं ते सांगा. ओळ मोघम असेल तर पोराचं राहू दे, आख्खी संस्थाच बाद होऊ शकते.

आता तो जुन्या आयडियाचा सल्ला. बाकीचं फॉरवर्ड मूर्खपणाचं आहे, हे मात्र पोरांचं नुकसान करणारं आहे म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

आमच्या यादीत एक आयडिया होती. "युजर इंटरफेस आधुनिक करणे. स्किल: जावास्क्रिप्ट. मेंटर: नंतर ठरेल." बस. त्या पानाची गिट हिस्टरी (गिट म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं टूल) काढलीत तर चार वर्षांत त्या ओळीत एकही बदल नाही, वर फक्त साल बदललेलं, आणि खोटं कशाला बोलू, त्यातले दोन कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, माझेच आहेत. जानेवारी संपत आला की अर्जाची घाई, मग मागच्या वर्षीचं पान उचलायचं, साल बदलायचं, झालं. आयडिया कोणी घेत नव्हतं कारण ती कोणाला कळतच नव्हती, आणि कोणी विचारलंच तर उत्तर द्यायला आमच्यात कोणी नव्हतं.

शेवटी एका पोराने घेतली. हुशार होता, चिकाटीचा होता. जूनमध्ये पहिला पीआर टाकला, म्हणजे आपला बदल तपासून घ्यायला पाठवला, एक मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) म्हणाला छान, दुसरा म्हणाला आधुनिक म्हणजे हे नव्हे, तिसऱ्याने विचारलं मुळात हे बदलायचं कोणी ठरवलं? तीन आठवडे बटणांच्या जागेवरून वाद. मिडटर्मला मूल्यमापनाचा फॉर्म समोर आला तेव्हा मला कळेना की हा मागे आहे की पुढे, कारण अंतर मोजायला शेवटचा दगड कुठे होता? कसाबसा पास केला. त्याच्या कामातला बहुतेक भाग कधीच मर्ज झाला नाही, म्हणजे मूळ कोडमध्ये गेलाच नाही, तो नंतर परत दिसला नाही, आणि यात त्याची चूक काहीच नव्हती. पुढच्या जानेवारीत मी ती ओळ काढली. फॉरवर्डच्या हिशोबाने मी बहुतेक तेव्हापासून भारतीय पोरांचा शत्रू.

याच्या उलट उदाहरण हवं तर गिटचं घ्या. ‘गिट स्टॅश’ (अर्धवट बदल तात्पुरते बाजूला ठेवणारी कमांड) आधी शेल स्क्रिप्ट होती, 2018 च्या जीसॉकमध्ये ती सी या भाषेत आणायचं काम एका विद्यार्थ्याला दिलं. शेवट एकदम स्पष्ट: बाहेरून कमांड आधीसारखीच वागली पाहिजे आणि असलेल्या टेस्ट (कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या) पास झाल्या पाहिजेत. 2019 मध्ये गिट 2.22 बरोबर ते सगळ्यांच्या मशीनवर पोचलं. तुम्ही आज स्टॅश मारता तेव्हा त्या उन्हाळ्यातलं काम चालतं.

मोकळीक जाते यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो, नाइलाजाने. काही ठिकाणी आयडिया इतकी बारीक लिहितात की पोराला टायपिंगशिवाय काही उरत नाही. आणि काही मेंटेनर न सांगता आयडिया काढतात, आठवडाभर प्रपोजल लिहिणारं पोर तोंडघशी पडतं, हे वाईटच, निदान दोन ओळी कारण लिहावं. पण मोकळीक हवी तर बहुतेक संस्था स्वतःची आयडियाही घेतात, फक्त आधी मेंटरशी बोला.

काम बुडतं म्हणे. ‘गिट बायसेक्ट’ (बग कुठल्या बदलात शिरला ते शोधणारी कमांड) हिचं असंच सी मध्ये रूपांतर 2016 च्या जीसॉकमध्ये सुरू झालं, एका उन्हाळ्यात संपलं नाही, तुकडे करून पुढे दुसऱ्यांनी नेलं. मोघम आयडिया काढली की त्यातून बरेचदा असेच दोन-तीन नीट तुकडे निघतात.

एआयच्या वीस पानांबद्दल काय बोलू. प्रश्नच मोघम तर उत्तर वीस पानी मोघम. मेंटरला दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

भाच्याला म्हटलं, तू धरलेल्या आयडियाच्या मेंटरला एकच प्रश्न विचार, हे काम पूर्ण झालं हे तुम्ही कशावरून ठरवणार? त्याने बिचाऱ्याने लगेच विचारला. काल उत्तर आलं: "ही आयडिया जुनी आहे, यादीतून काढायची राहून गेली, सॉरी." खाली त्यांनी दोन उघड्या इश्यूंच्या, म्हणजे नोंदवलेल्या पण अजून न सुटलेल्या अडचणींच्या, लिंक दिल्यात, त्यातल्या एकाची टेस्ट भाच्याच्या लॅपटॉपवर आत्ता फेल होतेय आणि तो दर अर्ध्या तासाने मला स्क्रीनशॉट पाठवतोय.