कितव्या सेकंदाला, ते सांगा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

एका विशीतल्या मुलीनं काल रात्री स्वतः रचलेला ट्रॅक टाकला. शब्द नाहीत, नुसतं वाद्यसंगीत, जेमतेम चार मिनिटं. बासरी तिची, गिटारही तिचीच, खाली तबल्यावरच्या केरव्याचा (आठ मात्रांचा ताल) लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, आणि मागे सिंथचा पॅड, म्हणजे सलग धरून ठेवलेला भरीचा सूर. यमन रागाच्या अंगाची धून. वर एकच ओळ : ‘काय चुकतंय ते मोकळेपणानं सांगा.’ सकाळपर्यंत खाली टाळ्या, फुलं, ‘खूप छान बाळा’, ‘अप्रतिम’, ‘अशीच मोठी हो’. मग एका जाणत्या काकांची कमेंट आली : ‘लय कच्ची आहे. आधी चार वर्षं रियाज कर, ट्रॅकबिक नंतर.’ दुपारी तिनं पोस्टच काढून टाकली.

तिची परवानगी घेऊन, तो ट्रॅक समोर ठेवून हे लिहितेय. पोरीनं मदत मागितली होती हो! आणि इतक्या सगळ्या कमेंट्समधली एकही तिच्या कामाची नव्हती.

आधी त्या लयीचं बघू. बासरी मागे पडत होती हे खरं, काकांचा कान खोटा नाही, हे मान्य करावंच लागेल. पण कशी मागे पडत होती? पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत अगदी तेवढीच. ज्याची लय कच्ची असते तो कधी मागे राहतो, कधी पुढे जातो, द्रुत जागा आली की पळतो, लांब सुरावर रेंगाळतो. सारखं अंतर राखून तीन मिनिटं मागे राहणं कच्च्या लयीच्या माणसाला जमणारच नाही. अंतर सारखं असेल तर उशीर यंत्राचा. तिला विचारलं, रेकॉर्ड करताना कानाला काय लावलं होतंस? ब्लूटूथ हेडफोन.

आता हिशोब करा. ट्रॅकची लय मिनिटाला ८० मात्रा. म्हणजे एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, पाव मात्रा साधारण १८७. ब्लूटूथमधून आवाज कानाशी पोचायला १५० ते २०० मिलिसेकंद सहज लागतात. ती कानात येणाऱ्या तबल्याबरोबर चोख वाजवत होती, पण तो तबलाच तिला पाव मात्रा उशिरा ऐकू येत होता. वाजवणारी लयीत, रेकॉर्डिंग मागे. यावर उपाय म्हणजे दोन-तीनशे रुपयांचा वायरवाला इयरफोन. आणि झालेलं रेकॉर्डिंग वाचवायचं असेल तर हेडफोनचा कप माइकला चिकटवायचा, मेट्रोनोमची (लय मोजून देणाऱ्या यंत्राची) टिकटिक त्यातून वाजवून रेकॉर्ड करायची, सॉफ्टवेअरमध्ये चित्र मोठं करून मूळ टिक आणि रेकॉर्ड झालेली टिक यांतलं अंतर मोजायचं आणि बासरीची सगळी क्लिप तेवढी डावीकडे सरकवायची. ब्लूटूथचा उशीर दर वेळी थोडा बदलतो, म्हणून शेवटी कानानं अजून पाच-दहा मिलिसेकंद इकडेतिकडे करावं लागेल. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी चार वर्षं सांगितली त्या पोरीला!

मला राग काकांच्या ज्ञानाचा नाही. ऐकलं काय आणि त्याचं कारण काय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांनी दुसरीच आधी फेकली, याचा आहे. ‘०:४८ पासून बासरी तबल्याच्या मागे वाटते, सगळीकडे सारखीच’ एवढंच लिहिलं असतं तरी तिनं स्वतः शोधून काढलं असतं. कानाला जे आलं त्यावर तुमचा हक्क आहे. कारण मात्र तुम्हाला माहीत असेलच असं नाही. ती कुठल्या खोलीत, कुठल्या माइकवर, काय कानाला लावून बसली होती, हे तुम्ही विचारलंत का?

आणि कितव्या सेकंदाला, हे लिहायला किती कष्ट पडतात? आपल्याकडे बैठकीत दाद कशी देतात ते आठवा. गाणारा एखादी जागा घेतो, त्याच क्षणी समोरून ‘वाह’ येते. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, हात वर जातो. गाणं संपल्यावर सरसकट ‘फार सुंदर झालं’ म्हणणाऱ्याकडे कलाकार हसून बघतो, पण त्याच्या लक्षात राहतो तो जागेवर दाद देणारा. हे आपल्या अंगात आहे. मग ट्रॅकच्या खाली लिहिताना ते कुठे जातं?

तिच्या ट्रॅकमध्ये दाद देण्याची खरी जागा होती २:३६. तिथे तिनं गिटार, पॅड, तबला सगळं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) थांबवलंय आणि बासरीचा एकटा निषाद धरून ठेवलाय. सहा सेकंद फक्त नी. मग समेवर सगळं एकदम, आणि बासरी षड्जावर. नवखा माणूस शांतता ठेवायला घाबरतो, प्रत्येक कोपरा भरून टाकतो. हिनं ती ठेवली. एवढ्या ‘अप्रतिम’मध्ये एकानंही २:३६ लिहिलं नाही. पुढच्या वेळी ती ही जागा उडवूनही टाकेल, कारण ती चांगली आहे हे तिला कुणी सांगितलंच नाही. कौतुक मोघम ठेवलं की असं नुकसान होतं.

आता जे खरोखर चुकलंय ते. १:१२ ला बासरी तीव्र मध्यमावर थांबते आणि खाली गिटार एफ मेजर हा कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन सूर) वाजवतेय. सा पांढरी एकचा, म्हणजे सी. एफ मेजरमध्ये शुद्ध मध्यम, धैवत, षड्ज. म्हणजे वर तीव्र म, खाली शुद्ध म, अर्ध्या स्वराच्या अंतरावर दोघं एकमेकांना घासतात. ऐकणाऱ्याला नाव सांगता येत नाही, पण कपाळाला आठी पडते. हे का झालं तेही उघड आहे. गिटार शिकताना सी-एफ-जी ही तिकडी सगळ्यात आधी हातात बसते. आणि बासरीवर सगळी भोकं मोकळी सोडली की येतो तीव्र मध्यम. दोन्ही हात आपापल्या सवयीनं गेले. उपाय : एफच्या जागी डी मेजर, म्हणजे रे, तीव्र म, ध. डी मायनर चालणार नाही, त्यात परत शुद्ध मध्यम आहे. किंवा त्या आवर्तनापुरतं गिटारवर फक्त सा-प ठेवायचं, म्हणजे भांडणच मिटलं.

हां, यमनकल्याण या जवळच्या रागात दोन गंधारांच्या मधे शुद्ध मध्यम येतो, आणि ट्रॅक म्हणजे काही रागाची परीक्षा नव्हे, हेही आहे. म्हणून हुकूम सोडू नका, विचारा : ‘१:१२ ला शुद्ध मध्यम मुद्दाम ठेवलास का?’ मुद्दाम असेल तर ती सांगेल. नसेल तर त्या प्रश्नानंच तिला जागा सापडेल.

याच ट्रॅकवर आणखी एका गृहस्थांनी लिहिलं होतं, ‘गंधार उतरलाय, ऑटोट्यून लाव.’ म्हणजे सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर. तो गंधार उतरलेला नव्हता! तानपुऱ्याशी जुळणारा नैसर्गिक गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डचा गंधार ४०० वर. १४ सेंटचा फरक (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). बासरीवाल्याचा कान तयार असेल तर त्याचं फुंकणं आपोआप खालच्या गंधाराकडे जातं, आणि मागे पॅड तोच गंधार चढा धरून बसला की बासरी उतरल्यासारखी वाटते. स्थिर सुरांबद्दलची ही तक्रार जुनीच आहे. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली त्यामागच्या आक्षेपांत हाही होता, आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. इथे करायचं एवढंच की पॅडमधून गंधार काढून टाकायचा, सा आणि प ठेवायचा. तिचा जो सूर सगळ्यात खरा होता त्यालाच यंत्रानं ठोकून बसवा म्हणे. हे वाचून खरंच वाईट वाटलं.

दुसरी एक चूक तिच्याकडे नव्हती, पण घरगुती ट्रॅकमध्ये फार भेटते, म्हणून लिहून ठेवते. तबल्याचा लूप इंटरनेटवरून उचललेला असतो, तो काळी एकचा, आणि धून पांढरी एकची. ‘ना’ हा बोल वाजला की दायाचा (उजव्या तबल्याचा) सूर सतत अर्धा स्वर वर लागत राहतो. लूप एका अर्ध्या स्वरानं खाली घेतला तर खपून जातं. तीन-चार अर्धस्वर ओढलात की चाटेचा (दायाच्या कडेचा) टणकपणा जातो आणि डग्गा फुगल्यासारखा वाटतो. मग सरळ त्या पट्टीतला दुसरा लूप शोधावा. अशा वेळी ‘तबला खटकतोय’ म्हणून उपयोग नाही. ‘तबला कुठल्या पट्टीचा आहे?’ हे विचारा.

मिक्सबद्दल, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांत बसवण्याबद्दल, बोलायची तर लोकांना फार हौस. ‘मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) करून घे’ हा सल्ला तर रचना ऐकायच्या आधीच तयार असतो. मास्टरिंगनं १:१२ चा मध्यम सुटतो का? आधी रचना, मग वाजवणं, मग रेकॉर्डिंग, मग मिक्स, या क्रमानं बोला. ज्याची चाल अजून हलतेय त्या माणसाला ईक्यूचे (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करण्याचे) आकडे देऊन काय करणार? आणि ट्रॅक कुठल्या टप्प्यावर आहे हे पहिल्यांदा विचारा. कच्चा आराखडा असेल तर सगळं बदलता येतं. प्रसिद्ध करून झाला असेल तर जे बोलाल ते पुढच्या ट्रॅकसाठी आहे असं स्पष्ट म्हणा.

तिचा मिक्स गढूळ होता, खरंय. पॅड, गिटार आणि डग्गा तिघंही २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात दाटीनं बसलेले. पॅडचा खालचा भाग २५०-३०० पर्यंत कापला तर निम्मं मळभ जाईल. बासरीला १५० पर्यंत लो-कट (खालचे आवाज कापणारा फिल्टर) बिनधास्त लावता येतो, तिच्या बासरीचा सगळ्यात खालचा सूरही त्याच्या बराच वर आहे. खाली असतो तो पंखा, फुंकर आणि टेबलाला लागलेला धक्का. रिव्हर्ब (घुमारा) बासरीच्या ट्रॅकवरच ओतण्यापेक्षा वेगळ्या वाटेनं पाठवून, त्या वाटेचा खालचा भाग कापून, २०-३० मिलिसेकंदांचा प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचा उशीर) दिला की सुराची सुरुवात स्वच्छ राहते. माइक मुखरंध्राच्या अगदी समोर होता, त्यामुळे हवेची फुरफुर. फूटभर लांब आणि थोडा बाजूला, बोटांच्या दिशेनं ठेवला की कमी होते.

डग्गा तिला कमी वाटला म्हणून तिनं वाढवला आणि बाकीच्यांकडे तो घुमला, याचं कारण तिची खोली. १० बाय १० फुटांच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज साचतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्हीकडून तिथेच साचतो. भिंतीशी बसलं तर तो सूर फुगलेला, मधोमध बसलं तर जवळपास गायब. ती मधोमध बसते. हे कळल्यावर खुर्ची दोन फूट मागे घ्यायची, आणि खालचे सूर हेडफोनवर तपासायचे.

आता ‘छान’ लिहिणाऱ्यांबद्दल. लिहायला बसले तेव्हा तुमच्यावरही चिडले होते. पण तुम्ही प्रेमानंच लिहिता, आणि संगीतातलं कळत नाही म्हणून गप्प बसण्यापेक्षा काहीतरी लिहिता, हे दिसतं मला. फक्त इतकं लक्षात घ्या, की तुमच्याकडे जे आहे ते जाणकारांकडे नसतं. जाणकार ईक्यू ऐकतो. तुम्हाला कंटाळा कुठे आला ते कळतं! तिच्या ट्रॅकला पहिली ४८ सेकंदं नुसता पॅड आहे. ८० च्या लयीत केरव्याचं एक आवर्तन सहा सेकंदांचं, म्हणजे तब्बल आठ आवर्तनं काहीही घडत नाही. चार पुरली असती. ‘अर्ध्या मिनिटाला मला वाटलं पुढे ढकलावं’ असं एखाद्या मावशीनं लिहिलं असतं, तर त्या पोरीला दिवसभरातली सगळ्यात उपयोगी कमेंट मिळाली असती. ‘दुसऱ्या मिनिटात सगळं एकसारखं वाटायला लागलं’, ‘ही धून गुणगुणावीशी वाटली’, ‘इथे संपलं असं वाटलं आणि परत सुरू झालं’. याला स्वरज्ञान लागत नाही. पूर्ण ऐकावं मात्र लागतं.

पूर्ण म्हणजे एकदा न थांबवता, सलग. मग हेडफोनवर, सेकंद टिपत. मग फोनच्या स्पीकरवर, कारण ऐकणारे बहुतेक तसंच ऐकणार, आणि त्या स्पीकरवर डग्गा जवळपास नाहीसा होतो. चार मिनिटांचा ट्रॅक, बारा मिनिटं. तेवढी नसतील तर नुसता अंगठा द्या, कुणी रागावणार नाही. पण अर्धा मिनिट ऐकून चार वर्षांचा रियाज सांगू नका कुणाला!

लिहाल ते तीन मुद्द्यांच्या आत असू द्या. अकरा दोष एकदम मिळाले की माणूस फाइल बंद करतो. त्या तिनांतलाही जो दुरुस्त केल्यावर सगळ्यात जास्त फरक पडेल तो पहिला. बेसूर झालंय असं सांगायचं असेल तर मेसेंजरमध्ये, कौतुक चारचौघांत. आणि तिनं सुधारून दुसरी आवृत्ती पाठवली तर दोन्ही सारख्या आवाजावर आणून ऐका. एखादी डेसिबलभर मोठी असली तरी तीच चांगली वाटते, आणि तुम्ही नुसत्या मोठ्या आवाजाला सुधारणा म्हणून बसता.

तिला मी बासरी सरकवून आणि डी मेजर टाकून परत पाठव म्हटलंय. ती पुन्हा टाकेल की नाही, माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाचे असे ट्रॅक पडून असतील तर खाली दुवा द्या. सोबत लिहा : सा कुठला, लय किती, कुठल्या टप्प्यावर आहे, आणि नेमकं काय ऐकून हवंय. फेसबुकवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, फाइल लहान करताना आवाजाचा दर्जा उतरतो आणि मग झांजांची सळसळ तुमची की फेसबुकची ते कळत नाही. मूळ फाइल ठेवा. आणि काका, तुम्हीही वाचत असाल तर या. तुमचा कान चांगला आहे, फक्त सेकंद लिहा.