प्लॅस्टिकच्या रॉडबद्दल, आणि आमच्या चुकीबद्दल

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या रेडिओ कंट्रोलच्या मॉडेल विमानात ३० सीसीचं पेट्रोल इंजिन, थ्रॉटलचा सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर थ्रॉटल हलवणारी छोटी मोटर) आणि इग्निशन आमच्याकडून बसवून घेतलंत, ६,५०० रुपये मजुरी दिलीत. पाचव्या फ्लाइटला थ्रॉटल आपोआप वरखाली व्हायला लागलं, मग इंजिन हवेतच बंद पडलं आणि विमान शेजारच्या ज्वारीत गेलं. लँडिंग गिअर मोडला, १८ बाय १० चा प्रोपेलर गेला. वर काउंटरवर ‘तुम्हीच काहीतरी केलं असेल’ हे ऐकून घ्यावं लागलं. एकच स्टार दिलात. तुमच्या जागी मी असतो तर तो एकही हात आखडून दिला असता.

मंगळवारी विमान ठेवून गेलात, त्या रात्री शटर ओढून मी स्वतः काउल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, काढून बसलो. दोन दोष निघाले, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आमचा आधी सांगतो.

इंजिन बंद पडलं ते आमच्यामुळे. प्रोपेलरच्या हबमध्ये बारीक चुंबक बसवलेलं असतं. ते सेन्सरसमोरून गेलं की इग्निशनच्या डब्याला कळतं, आता ठिणगी टाकायची. त्या सेन्सरची केबल इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या स्टँडऑफला (इंजिन विमानाला धरून ठेवणाऱ्या खांबाला) घासून जात होती. झिप टाय होता, पण घासण्याच्या जागी केबलवर संरक्षक नळी, म्हणजे स्लीव्ह, नव्हती. एका सिलिंडरचं इंजिन किती थरथरतं ते तुम्हाला माहीत आहे. पाच फ्लाइटमध्ये तांदळाच्या दाण्याएवढं इन्सुलेशन झिजून आतलं तांबं दिसत होतं. प्लग काढला, कॅपमध्येच ठेवून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि प्रोपेलर हाताने फिरवला. टक, टक, ठिणगी व्यवस्थित. मग लाकडी काडीने केबल स्टँडऑफकडे जरा ढकलली. ठिणगी गायब. काडी काढली, पुन्हा हजर. पाच-दहा रुपयांची स्लीव्ह आम्ही घालायची विसरलो, यावर माझ्याकडे दुसरं काही बोलायला नाही.

आता थ्रॉटल. तुम्ही लिहिलंत, ‘एवढे पैसे घेऊन वीस रुपयांची प्लॅस्टिकची रॉड लावली.’ किंमत बरोबर ओळखलीत, पण ती रॉड स्वस्त म्हणून लावलेली नव्हती. इग्निशन म्हणजे हजारो व्होल्टची ठिणगी, प्रत्येक फेऱ्याला एक. तिचा नॉइज, म्हणजे रेडिओला त्रास देणारा विद्युत गोंगाट, इंजिनाच्या अंगावर सगळीकडे असतो, कार्ब्युरेटरच्या लिव्हरवरही. त्या लिव्हरपासून सर्व्होपर्यंत धातूची रॉड टाकली की नॉइजला आत यायला आपणच वाट करून दिली. त्यात रॉडच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे क्लेव्हिस, धातूच्या लिव्हरवर खडखडत असेल तर आणखी भर. म्हणून पेट्रोल इंजिनाला नायलॉनची रॉड, आणि इग्निशनचा डबा व त्याच्या तारा रिसीव्हरपासून (विमानातल्या, रेडिओचे सिग्नल पकडणाऱ्या डबीपासून) किमान ३० सेंटिमीटर लांब. ‘आत एवढी जागा असताना डबा पुढे का कोंबला’ हेही तुम्ही विचारलंय, त्याचं उत्तर हेच. २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आल्यापासून हा त्रास पुष्कळ कमी झाला, म्हणून लोकांना वाटतं तो संपला. संपलेला नाही.

तिसऱ्या फ्लाइटनंतर तुम्ही ती रॉड काढून स्टीलची घातलीत, क्लेव्हिसही स्टीलचे. पहिल्या तीन फ्लाइट सुरळीत झाल्या हे तुमच्याच रिव्ह्यूत आहे. विमान नेताना तुमच्यासमोर रेंज चेक केला होता, म्हणजे रेडिओची ताकद मुद्दाम कमी करून सिग्नल किती लांबपर्यंत नीट पोहोचतो ते पाहिलं होतं: इंजिन बंद असताना ३२ पावलं, चालू असताना ३०. जॉबकार्डवर तुमची सही आहे. बुधवारी आमचा रेडिओ जोडून, केबलला तात्पुरती टेप गुंडाळून, स्टीलच्या रॉडसकट तोच चेक पुन्हा केला. अठराव्या पावलाला सर्व्हो फडफडायला लागला. रॉड बदलली, फडफड थांबली.

पण ‘ही रॉड बदलू नका’ हे तुम्हाला कोणी सांगितलं? कोणीच नाही. माणूस चांगल्या मनानेच प्लॅस्टिक काढून स्टील घालतो. आता जॉबकार्डवर ती ओळ छापून घेतोय.

दुसरी बॅटरी ‘उगाच गळ्यात मारली’ हे मात्र मला मान्य नाही. इग्निशनची बॅटरी वेगळी ठेवायची म्हणजे तिकडे काहीही बिघडलं तरी रिसीव्हर जिवंत राहतो. इंजिन गेलं तरी तुमचे एलेरॉन, एलिव्हेटर (पंखांवरच्या आणि शेपटीच्या हलत्या पट्ट्या) चालू होते, म्हणून तर तुम्ही विमान ग्लाइड करत ज्वारीपर्यंत आणू शकलात. आणि हातात इंजिन नसताना ते सपाट उतरवलंत, याचं मला कौतुक वाटलं.

काउंटरवरचा मुलगा विमान उघडून बघण्याआधीच बोलला. नुकसानापेक्षा मला तेच जास्त लागलं. त्याला समज दिली आहे, आणि त्याच्या वतीने मी माफी मागतो.

पैशांचं असं: नवीन सेन्सर, स्लीव्ह, प्रोपेलर, लँडिंग गिअर आणि त्याच्या खालची फुटलेली प्लाय, पंखाचं फाटलेलं कव्हरिंग, हे सगळं आमच्याकडून. इंजिन आमच्यामुळे बंद पडलं, तेव्हा त्यातून जे मोडलं ते आमचंच. ६,५०० परत मागितलेत ते देत नाही, कारण काम पुन्हा पूर्ण करून देतोय. तुमची स्टीलची रॉड पिशवीत बांधून ठेवली आहे, शेपटीच्या रडरला वापरा, तिथे चालेल.

शनिवारी संध्याकाळपर्यंत विमान तयार होईल. येताना तुमचा ट्रान्समीटर चार्ज करून आणा, थ्रॉटल कट (इंजिन बंद करायचं बटण) आणि फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर विमानाने आपोआप काय करायचं ते) तुमच्यासमोर तपासल्याशिवाय मी ते दुकानाबाहेर जाऊ देणार नाही.